किलोच्या भावापलीकडचे ओतकाम : सोलापूरच्या फौंड्र्यांमधून

रविवार

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागातल्या आम्हा काही लहान फौंड्रीवाल्यांचे एकत्र विक्री करण्याविषयी बरेच दिवस बोलणे चालले होते. त्याआधी सोलापूरचे ओतकाम नीट पाहून यावे, तिथल्या कारखानदारांशी बोलावे आणि जमल्यास त्यांनाही बरोबर घ्यावे, ही जबाबदारी माझ्यावर आली. माझी उमेदीची वर्षे फर्नेसवर गेली आणि आता मी विक्री पाहतो, त्यामुळे ओतकामाच्या या दोन्ही बाजू एकाच फेरीत पाहण्याची संधी मला मोलाची वाटली. मार्चअखेरीचे दिवस मुद्दाम निवडले होते, कारण याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपत येतो, दुरुस्तीच्या कामांची खरेदी सुरू होते आणि थकलेली बिले कोण चुकती करतो आणि कोण पुढे ढकलतो, हेही याच आठवड्यात कळते.

मिरज, सांगोला, मंगळवेढा असा प्रवास करून संध्याकाळी सोलापुरात पोहोचलो. या शहराकडे पाहताना ओतकामवाल्याच्या मनात एक गोष्ट सतत राहते. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णू मिलपर्यंत, ज्या कापड गिरण्यांवर या गावाचा संसार उभा होता, त्या एकेक करून बंद पडल्या आणि हजारो घरांनी पोट भरण्याचा दुसरा मार्ग शोधला. कोणी यंत्रमागाकडे गेले, कोणी विडीकडे, कोणी एमआयडीसीत. साध्या यंत्रमागाच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी आणि दातेरी चाके बिडाची असतात, म्हणून मागाचे सुटे भाग ओतणे हे इथल्या लहान ओतशाळांचे घरचे काम राहिले. मोठा उद्योग कसा जातो हे ज्या गावाने पाहिले आहे, तिथे ओतकामाच्या भवितव्याची चर्चा अधिक गांभीर्याने होते, असे मला पुढच्या सगळ्या भेटींत जाणवले.

सोमवार

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पहिल्या फौंड्रीत सकाळी आठलाच पोहोचलो. ग्रीन सँडचे, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यांचे, मोल्डिंग, ५०० किलोची विजेवरची इंडक्शन फर्नेस, पंपाची कास्टिंग आणि मागाचे थोडे भाग, असा तिचा व्याप आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. फर्नेसवर साठीला आलेले एक मामा होते. मी ऑफिसात न बसता थेट त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो, कारण एखादी फौंड्री किती सुरक्षित आहे हे चार्ज, म्हणजे भट्टीत वितळवायचा माल, कसा टाकला जातो यावरून सर्वांत लवकर समजते.

मामा भंगाराचा प्रत्येक तुकडा उलटसुलट करून पाहत होते. दोन्ही टोके बंद असलेला पाइप, जुना शॉकअब्सॉर्बर, चेपलेला डबा असे काही आले की ते बाजूला फेकत होते आणि गॅस कटरने उघडल्याशिवाय त्याला हात लावत नव्हते. उरलेला माल आधी भट्टीच्या कडेवर मांडून गरम होऊ देत आणि मगच आत सोडत. या सावधगिरीमागचे कारण सोपे आणि भयंकर आहे. वितळलेल्या लोखंडाचा रस १,४०० अंशांच्या वर गेलेला असताना ओला तुकडा त्याच्या पृष्ठभागाखाली गेला की त्यातल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते. पाण्यापेक्षा वाफेला सुमारे १,७०० पट जागा लागते आणि ती जागा करून घेण्यासाठी वाफ रसालाच वर उधळते. समोर उभ्या माणसाला बाजूला होण्याइतकाही वेळ मिळत नाही. बंद पाइपात अडकलेली हवा आणि ओल हेच काम बॉम्बसारखे करते.

“पावसात भिजलेला माल आम्ही सकाळी टाकत नाही की साहेब,” मामा म्हणाले. “मालक कितीबी घाई करायलाले तरी टाकत नाही.” अण्णा शेजारीच उभे होते आणि त्यांनी मान हलवली. ज्या फौंड्रीत फर्नेसमन मालकासमोर असे बोलू शकतो, तिथे अपघाताची शक्यता निम्म्याने कमी होते, असे माझे अनुभवाचे मत आहे.

दुसरी गोष्ट मी पाहिली ती लायनिंगची. सिलिका रॅमिंग मासचे अस्तर प्रत्येक हीटबरोबर, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक वितळणीबरोबर, थोडे थोडे झिजते. ते कॉइलपर्यंत, म्हणजे भट्टीभोवतीच्या विजेच्या वेटोळ्यापर्यंत, पातळ झाले, तर रस बाहेर पडून थेट कॉइलमधल्या थंड पाण्याला भिडू शकतो. म्हणून अर्थ लीकेजचा, म्हणजे वीज जमिनीकडे गळत असल्याचा, इशारा देणारे यंत्र चालू असणे, भट्टीखालचा खड्डा रिकामा आणि कोरडा असणे आणि वीज गेली तरी कॉइलला पाणी मिळत राहील अशी उंचावरची टाकी भरलेली असणे या गोष्टींना पर्याय नाही. अण्णांकडे टाकी भरलेली होती आणि इशाऱ्याचे यंत्र चालू होते. खड्ड्यात मात्र जुने रनर (रस नेणाऱ्या वाटांत गोठलेले लोखंड), फुटकी पाटी आणि साचलेला गाळ होता. मी ते दाखवल्यावर त्यांनी त्याच पाळीत तो रिकामा करून घेतला, आणि मी आणखी काही बोलण्याआधी चार्ज वर अडकून खालचा रस अतोनात तापण्याच्या प्रकाराबद्दल, म्हणजे ब्रिजिंगबद्दल, नवीन पोरांना समजावून सांगा, असा आग्रह धरला. आम्ही चहाच्या वेळेत पंधरा-वीस जणांना जमवून ते केले. वर कवच धरलेले दिसले की आधी वीज बंद करायची आणि वरून घण घालायचा नाही, ही गोष्ट त्यातल्या निम्म्या जणांना कोणी सांगितलेलीच नव्हती. त्यातल्या एका पोराच्या अंगात टेरिकॉटचा शर्ट होता. असे कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटते, त्यामुळे भाजणे अधिक खोल जाते, हे ऐकल्यावर अण्णांनी सुती कपड्यांचे दोन-दोन जोड देण्याचे कबूल केले.

दुपारी पारा चाळिशीला टेकला होता. अशा हवेत लॅडल, म्हणजे रसाचे भांडे, धरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर बाहेरचे ऊन आणि रसाची धग अशी दोन्ही बाजूंनी उष्णता येते. पाणी, मीठ-साखरेचे सरबत आणि सावलीतली ठरावीक विश्रांती या गोष्टी त्याच्या कामाचाच भाग धरायला हव्यात. घेरी आलेला माणूस रस सांडतो आणि तो केवळ स्वतःच्या पायावर सांडत नाही.

दुसऱ्या ओतशाळेत जे पाहिले ते अधिक वेळ मनात राहिले. तिथली भट्टी ठाकठीक होती, पण फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करण्याच्या, शेडमध्ये शिरताच समोरच्या ग्राइंडरवाल्याच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर राखाडी थर दिसला. त्याने तोंडाला रुमाल बांधला होता. नाकाजवळ रुमालावर दोन काळे गोल उमटले होते, म्हणजे हवा तिथूनच आत जात होती. कास्टिंगला चिकटलेली वाळू घासताना सिलिकाची जी अतिसूक्ष्म धूळ उडते, तिचे फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि रुमालाने अडत नाहीत. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही आणि अशा माणसाला क्षयरोग जडण्याचा धोकाही वाढतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात हा आजार शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेतही आहे. तरीही लहान कारखान्यात त्याची नोंद दमा, खोकला, टीबी अशी होऊन जाते, कारण माणूस ठेकेदाराचा असतो आणि आजार दिसेपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असतो.

मी त्याला मास्क का वापरत नाही, असे विचारले. मास्क मिळाला होता, पण तो घातला की दम लागतो आणि हात मंदावतो, आणि मजुरी साफ केलेल्या कास्टिंगच्या किलोवर मिळते, हे त्याचे उत्तर होते. माल किलोवर विकायचा, म्हणून ठेका किलोवर द्यायचा, म्हणून मजुरीही किलोवर. या साखळीत धुळीचा हिशेब धरायला जागाच उरत नाही. त्या शेडमध्ये मास्कपेक्षाही, ग्राइंडरच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारा हूड आणि डस्ट कलेक्टर हवा होता, आणि वाळू झाडायला कॉम्प्रेसरची हवा वापरणे त्याच दिवशी बंद करायला हवे होते. मालकांनी दुसरी गोष्ट लगेच मान्य केली. पहिल्या गोष्टीबद्दल ते म्हणाले की गिऱ्हाईक दर वाढवून देत नाही. हे उत्तर मी स्वतः अनेकांकडून ऐकले आहे. ते खरे असल्यामुळेच त्याचा विचार पुढच्या दोन दिवसांत करणे भाग होते.

मंगळवार

सकाळी पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत गेलो. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हटले की वाहन उद्योगात सोलापूरचे नाव निघते, ते १९९२ साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्समुळे. किर्लोस्कर फेरसचाही कास्टिंगचा कारखाना सोलापुरात आहे. मी पाहिले ते यांच्या तुलनेत लहान, शेल मोल्डिंग करणारे एक युनिट होते. तापलेल्या पॅटर्नवर, म्हणजे साच्याला आकार देणाऱ्या नमुन्यावर, रेझिन चढवलेली वाळू पडते, तेव्हा शेडभर अमोनियाचा उग्र वास पसरतो. इथे तो वरच्या वर ओढून घेणारी व्यवस्था नीट चालत होती आणि डोळे चुरचुरत नव्हते.

तिथल्या क्वालिटीच्या मुलाने एक तोडलेला नमुना माझ्या हातात ठेवला. कॅमच्या टोकाचा पृष्ठभाग चांदीसारखा पांढरा, आतल्या बाजूला सुयांसारख्या रेघा आणि मध्यभागी नेहमीचे राखाडी बीड. साच्यात त्या टोकाशी लोखंडाचा चिल बसवलेला असतो. त्याला भिडलेला रस झटकन थंड होतो, कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळ मिळत नाही आणि तेवढा भाग काचेसारखा कठीण होतो. बाकीचा दांडा हळू थंड होऊन मशीनवर सहज कापला जाईल इतका मऊ राहतो. एकाच ओतणीत दोन स्वभावाचे लोखंड मिळवण्याचे हे कसब आहे, आणि ते तराजूवर मोजता येत नाही.

पण याच कसबापुढे सर्वांत मोठा प्रश्न उभा आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिन नाही, म्हणून कॅमशाफ्ट, सिलिंडर ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड यांपैकी काहीच लागत नाही. ब्रेक ड्रम, हब, डिफरन्शियलचे हाउसिंग, सस्पेंशनचे भाग राहतात, आणि मोटारीचे हाउसिंग बहुधा ॲल्युमिनियमचे होते. हा बदल दुचाकी-तीनचाकीत वेगाने, ट्रक आणि ट्रॅक्टरमध्ये सावकाश येत असल्यामुळे घाबरून कामे सोडण्याचे कारण नाही. पण ज्याची निम्म्याहून अधिक विक्री इंजिनच्या भागांवर उभी आहे, त्याने पुढची गुंतवणूक कशात करायची हे आताच ठरवले पाहिजे. कॅमशाफ्टच्या त्या मोठ्या कंपनीनेही हलक्या मालवाहू गाड्या विजेवर आणण्याच्या कामात पाऊल टाकले आहे. लहान माणसाला तेवढी झेप शक्य नसते. त्याच्यासाठी पंप, व्हॉल्व्ह, शेती अवजारे, रेल्वे आणि यंत्रसामग्रीचे भाग हा जवळचा रस्ता आहे.

युरोपला माल पाठवू इच्छिणाऱ्या तिथल्या एका उद्योजकाने कार्बन कराबद्दल, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरून आयातीवर लागणाऱ्या आकारणीबद्दल, विचारले. युरोपीय संघाच्या या व्यवस्थेत १ ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती देण्याचा टप्पा होता आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. आपली वस्तू त्या यादीत येते की नाही हे टॅरिफ क्रमांकावरून नक्की करून घ्यावेच, पण ती येत नसली तरी प्रत्येक हीटला किती युनिट वीज लागली याची वही ठेवावी, असे मी त्यांना सांगितले. अशी वही परदेशी गिऱ्हाइकाला दाखवता येते आणि आपली गळतीही आपल्याला दिसते.

बुधवार

सकाळी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर गेलो. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी आहे, आणि गाळप थांबले की पुढच्या हंगामापर्यंत त्यांची दुरुस्ती चालते. मिलचे अजस्र रोलर ओतणे हे मोजक्या मोठ्या फौंड्र्यांचे काम. पण पंपांचे केसिंग आणि इम्पेलर, बेअरिंगची हाउसिंगे, बॉयलरच्या जाळीचे बार, पुली, व्हॉल्व्हच्या बॉडी यांचे किती तरी नग दरवर्षी लागतात आणि त्यातले बरेच दूरवरून येतात. चीफ इंजिनिअर साहेबांनी आम्हाला स्टोअरमध्ये नेऊन झिजलेले आणि तडकलेले भाग दाखवले. जाळीचे काही बार एका हंगामातच वाकले होते. तापमान सोसणारे मिश्रण न वापरता हाताला लागेल त्या भंगारातून ते ओतलेले असावेत, हे तुटलेल्या तोंडावरून दिसत होते. “स्वस्त मिळाले होते,” साहेब म्हणाले, “पण ऐन गाळपात बॉयलर थांबवून बदलावे लागले.” त्यांना किलोचा दर पाच रुपयांनी कमी नको होता. हंगामभर टिकेल असा बार, तो कोणत्या मिश्रणाचा आहे याचा कागद आणि गरज पडल्यास आठवड्यात बदली नग, एवढेच त्यांनी मागितले. सोलापूरच्या फौंड्रीला तासाभरात कारखान्यावर पोहोचता येते. ही गोष्ट आजवर तिच्या कोटेशनमध्ये कुठेच लिहिली जात नव्हती.

संध्याकाळी अण्णांच्या ऑफिसात पाच-सहा मालक जमले आणि आम्ही कागदावर हिशेब मांडला. एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज धरली आणि ओतलेल्या रसापैकी रनर-रायझर (वाटांत आणि साच्यावरच्या साठ्यात गोठणारे लोखंड) वजा जाता ६० टक्केच कास्टिंग हाती लागले, तर चांगल्या एका टनामागे १,००० युनिट खर्ची पडतात. त्यात १० टक्के रिजेक्शन, म्हणजे सदोष माल, गेले की आकडा १,१०० च्या वर जातो. वीज १० रुपये युनिट धरली, तर निव्वळ रिजेक्शनमुळे किलोला एक रुपयाहून जास्त जातो, आणि यात वाळू, मजुरी, भट्टीची झीज धरलेलीच नाही. मग दुसरा हिशेब केला. समजा, महिन्याला १५० टन माल विकणारी फौंड्री चांगले मास्क, बूट, सुती कपडे, डस्ट कलेक्टरचा हप्ता आणि वीज, आणि वार्षिक तपासणी यांवर महिन्याला ७५,००० रुपये खर्च करते. हा खर्च किलोमागे ५० पैसे होतो. रिजेक्शन १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणले, तर तेवढे पैसे विजेतूनच सुटतात. ज्या फेटलिंगवाल्याच्या छातीत धूळ जाते आहे, त्याच्या संरक्षणाची किंमत आपण ब्लो होलमध्ये, म्हणजे कास्टिंगमधल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये, घालवतो आहोत, हे मी तिथे स्पष्ट बोललो. कोणी वाद घातला नाही. एकाने तर लगेच आपल्या वाळूतल्या ओलीच्या चाचणीची वही मागवली. तिच्यात दोन महिन्यांच्या नोंदी कोऱ्या होत्या.

पैशाच्या वसुलीवरही बराच वेळ गेला. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे करार असला तरी सूक्ष्म आणि लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातल्या एका तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. म्हणून ३१ मार्चच्या तोंडावर जुनी बिले निघू लागली आहेत. जमलेल्यांपैकी दोघांनी मात्र बिलावर उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांकच छापलेला नव्हता. हक्काची मागणी करण्याआधी आपण कोण आहोत हे कागदावर दाखवावे लागते. उशिरा येणारे पैसे आणि भट्टीजवळचा अपघात यांचा संबंध नाही, असे ज्यांना वाटते, त्यांनी लायनिंग आणखी चार हीट चालवून पाहू, हा निर्णय कोणत्या महिन्यात घेतला जातो, ते एकदा तपासावे.

गुरुवार

सकाळी मंगळवार पेठेत भांड्यांच्या दोन-तीन दुकानांत चौकशी केली. बिडाचा तवा, आप्पेपात्र, कढई यांना पुन्हा मागणी आली आहे आणि दुकानदाराकडचा बहुतेक माल बाहेरगावचा आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि गावाच्या नावावर वस्तू कशी विकली जाते हे इथल्या व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. मागाचे भाग ओतणाऱ्या ज्या मालकांचे काम घटले आहे, त्यांना हा धंदा पेलण्यासारखा आहे. मात्र खाण्याच्या भांड्यासाठी रंग लागलेले, शिसे किंवा जस्त मिसळलेले भंगार चालणार नाही. पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि खात्रीचे भंगार वेगळे ठेवावे लागेल आणि तव्याचा तळ एकसारख्या जाडीचा ओतावा लागेल, नाही तर भाकरी एका बाजूने करपेल. त्यांनी दोन आकारांचे पॅटर्न करून पाहण्याचे मान्य केले.

निघण्यापूर्वी साखर कारखान्यासाठीचे पहिले एकत्रित कोटेशन तयार झाले. बेअरिंग हाउसिंग आमच्याकडून, पंपाचे भाग अक्कलकोट रोडवरून आणि जाळीचे बार ज्यांच्याकडे मिश्रण तपासण्याचे स्पेक्ट्रोमीटर आहे त्यांच्याकडून, अशी वाटणी ठरली. दर नगावर लिहिले, पॅटर्नचा खर्च वेगळा दाखवला, मिश्रणाचा दाखला आणि आठवड्यात बदली नग देण्याची हमी घातली आणि ४५ दिवसांची अट उद्यम क्रमांकासह छापली. फेटलिंगच्या शेडमध्ये धूळ ओढणारी यंत्रणा नसलेल्या फौंड्रीकडून माल साफ करून घ्यायचा नाही, ही अटही सगळ्यांच्या सहीने त्यात आली. सोमवारच्या त्या दुसऱ्या ओतशाळेच्या मालकांनी डस्ट कलेक्टरचे दर पुण्याहून मागवले आहेत आणि तो बसेपर्यंत त्यांचे नग अण्णांच्या शेडमध्ये साफ होतील. तिथे ग्राइंडर कमी असले तरी हूड आहे. चीफ इंजिनिअर साहेबांनी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जाळीच्या बारांचे नमुने आणायला सांगितले आहे.